हिमयुग सरले तेव्हा

प्रस्तावना

ऋतू बदलला की सृष्टीचे रूप बदलते, हे आपण दरवर्षी पाहतो. पहिल्या पावसानंतर उघड्या माळावर हिरवळ येते, थंडी सरताच पळस फुलू लागतो. हे बदल काही महिन्यांचे असतात आणि वर्षअखेर चक्र पुन्हा पहिल्या जागी येते. परंतु संपूर्ण पृथ्वीचेच हवामान बदलले तर काय होते? जागचे हलू न शकणारे झाड अशा वेळी काय करते? पृथ्वीच्या इतिहासात हे अनेकदा घडून गेले आहे. त्यांपैकी आपल्याला सर्वांत जवळचा प्रसंग म्हणजे शेवटच्या हिमयुगाचा अंत. त्या काळात सजीव सृष्टीने बदलत्या हवामानाला कसे तोंड दिले, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• शेवटच्या हिमयुगानंतर पृथ्वीचे हवामान कसे बदलत गेले, ते सांगता येईल;
• हजारो वर्षांपूर्वीच्या वनस्पतींची माहिती शास्त्रज्ञ कशी मिळवतात, ते स्पष्ट करता येईल;
• काही सजीव टिकले व काही नामशेष झाले, यामागील कारणांची चर्चा करता येईल;
• त्या काळातील घडामोडींचा आजच्या हवामानबदलाशी असलेला संबंध सांगता येईल.

१. बर्फाखालची पृथ्वी

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. आजचा जवळजवळ सारा कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग एका अफाट हिमचादरीखाली गाडला गेला होता. काही ठिकाणी या बर्फाची जाडी तीन किलोमीटरांहून अधिक होती. युरोपात नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि ब्रिटनचा बराचसा भाग बर्फाखाली होता. इतके पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर साठून राहिल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरांनी खाली गेली होती. त्यामुळे ब्रिटन हे बेट नव्हते, ते युरोपच्या मुख्य भूमीला जोडलेले होते. सायबेरियातून अलास्कापर्यंत पायी चालत जाता येत होते.

हिमयुगात पृथ्वीचे सरासरी तापमान किती कमी होते? कारखानदारीच्या युगापूर्वी जे तापमान होते, त्यापेक्षा सुमारे ५ ते ७ अंश सेल्सिअसने. हा आकडा ऐकून आश्चर्य वाटेल. पहाटे आणि दुपारी यांत याहून मोठा फरक आपण रोज सोसतो. परंतु एका गावाचे एका दिवसाचे तापमान आणि संपूर्ण पृथ्वीचे वर्षानुवर्षांचे सरासरी तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या शरीराचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढले तर तो अंथरुणाला खिळतो. पृथ्वीच्या सरासरी तापमानातील काही अंशांचा फरकही असाच मोलाचा असतो.

पुढे हे चित्र पालटू लागले. सूर्याभोवती फिरताना पृथ्वीच्या कक्षेत आणि तिच्या अक्षाच्या कलण्यात हजारो वर्षांच्या कालावधीत अगदी सावकाश बदल होत असतात. त्यामुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचे प्रमाण वाढले व बर्फ वितळू लागले. समुद्रात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू वातावरणात आला. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे १९० होते, ते ११,००० वर्षांपूर्वीपर्यंत सुमारे २६५ झाले. या वायूमुळे उष्णता अधिक रोखली गेली आणि पृथ्वी आणखी तापली.

ही वाढ सरळ रेषेत झाली नाही. सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागराच्या परिसरात एकाएकी ऊब आली. त्यानंतर सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी कडक थंडी परतली. वितळलेल्या हिमचादरीचे गोडे पाणी अटलांटिक महासागरात लोटल्याने उष्ण पाण्याचे प्रवाह मंदावले व त्यामुळे ही थंडी परतली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ती हजाराहून अधिक वर्षे टिकली आणि ११,७०० वर्षांपूर्वी जशी आली तशीच अचानक निघून गेली. ग्रीनलंडच्या बर्फात तीन किलोमीटरांहून खोल छिद्रे पाडून शास्त्रज्ञांनी बर्फाचे लांबच लांब गाभे बाहेर काढले. त्यांतील थरांवरून असे दिसते की, या शेवटच्या वळणावर तेथील तापमान अवघ्या काही दशकांत सुमारे १० अंशांनी वाढले. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात हवामानाची कूस बदलली होती.

२. चिखलात जपलेली नोंदवही

हे सारे घडले तेव्हा लिहिण्याची कला माणसाला अवगत नव्हती. मग तेव्हा कोठे कोणती झाडे होती, हे आज कसे कळते? ही नोंद जुन्या सरोवरांच्या व दलदलींच्या तळाशी सापडते.

फुलांतून दरवर्षी असंख्य परागकण वाऱ्यावर उधळले जातात. त्यांतील काही पाण्यावर पडतात व गाळाबरोबर तळाशी बसतात. परागकणाचे बाहेरचे कवच अतिशय चिवट असते. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षे कुजत नाही. शिवाय प्रत्येक वनस्पतिगटाच्या परागकणाचा आकार व नक्षी निराळी असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा कण ओकचा, हा पाइनचा, हा गवताचा, असे सांगता येते. गाळाचे थर एकावर एक साचत जातात. खालचा थर जुना, वरचा नवा. प्रत्येक थरातील परागकण मोजले की कोणत्या काळात कोणती झाडे वाढली आणि कोणती हटली, याचा आलेख तयार होतो. थरांचे वय त्यांतील किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून ठरवले जाते. लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये असे परागांचे आलेख विद्वानांच्या सभेपुढे मांडले आणि या अभ्यासाचा पाया घातला.

एका छोट्या फुलझाडाची कथा येथे सांगण्यासारखी आहे. ड्रायस हे गुलाबाच्या कुळातील, जमिनीलगत वाढणारे एक झुडूप आहे. त्याला बहुधा आठ पाकळ्यांची पांढरी फुले येतात. हे झाड अतिथंड, उघड्या प्रदेशात वाढते. निकोलाय हार्ट्स आणि विल्हेल्म मिल्थर्स या डॅनिश अभ्यासकांनी १९०१ मध्ये अलेरॉड येथील चिकणमातीच्या खाणीतील थरांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे थंड हवामानातील दोन थरांच्या मध्ये उबदार हवामानात साचलेला एक थर होता आणि त्याच्या वरच्या थंड थरात ड्रायसची पाने होती. ऊब येऊन गेल्यानंतर थंडी पुन्हा परतली होती, याची ही साक्ष होती. म्हणूनच त्या थंड कालखंडाला शास्त्रज्ञांनी या इवल्याशा फुलझाडाचे नाव दिले. आज तो ‘यंगर ड्रायस’ म्हणून ओळखला जातो.

३. प्रत्येकाची चाल वेगळी

बर्फ मागे सरकले, तेव्हा त्याखालून उघडी पडलेली जमीन म्हणजे दगडगोटे आणि कच्ची माती होती. अशा जमिनीवर एकदम अरण्य उभे राहत नाही. अलास्कातील ग्लेशियर बे या खाडीत हा क्रम आजही पाहावयास मिळतो. तेथील हिमनदी अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे १०० किलोमीटर मागे हटली आहे. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ पासून तेथील जमिनीचे तुकडे आखून त्यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. प्रथम शेवाळी व ड्रायससारखी बुटकी झुडपे येतात. त्यानंतर अल्डर हे झाड येते. त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन जमिनीत मिळवतात. माती कसदार झाली, की मग स्प्रूससारखे मोठे सूचिपर्णी वृक्ष वाढतात. आधी आलेल्याने मागून येणाऱ्यासाठी घर तयार करावे, तसा हा प्रकार आहे.

हिमयुगात युरोपातील ओकसारख्या वृक्षांनी मुख्यतः दक्षिणेत, म्हणजे स्पेन, इटली व बाल्कन प्रदेशांत आसरा घेतला होता. ऊब येताच ते उत्तरेकडे निघाले. झाड चालत नाही हे खरे, परंतु त्याचे बी चालते. वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, पक्ष्याच्या चोचीतून ते दूर जाते, रुजते, वाढते आणि पुन्हा पुढे बी टाकते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या प्रवासाला वनस्पतींचे स्थलांतर म्हणतात.

या प्रवासाने शास्त्रज्ञांना एक कोडे घातले. क्लेमेंट रीड या ब्रिटिश अभ्यासकाने १८९९ मध्ये एक साधा हिशेब मांडला. ओकचे फळ जड असते, ते झाडाखालीच पडते. ओकला फळे धरण्यास कित्येक वर्षे लागतात. या गतीने ब्रिटनच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचण्यास ओकला सुमारे दहा लाख वर्षे लागली असती. प्रत्यक्षात तो काही हजार वर्षांतच तेथे पोहोचला होता. तो कोणाच्या मदतीने? याचे श्रेय बऱ्याच अंशी कावळ्याच्या कुळातील ‘जे’ नावाच्या पक्ष्याकडे जाते. हिवाळ्याची बेगमी म्हणून हा पक्षी एका मोसमात ओकची हजारो फळे दूरदूर नेऊन जमिनीत पुरून ठेवतो. त्यांतील काही तो विसरतो. विसरलेल्या फळांतून नवे ओक उगवतात. पुढे झाडांच्या जनुकांच्या अभ्यासावरून आणखी एक गोष्ट पुढे आली. काही वृक्षांचे लहान लहान समूह बर्फाच्या जवळच्या आडोशाच्या जागीही तग धरून राहिले होते. त्यामुळे त्यांना पूर्वी वाटले होते तेवढा लांबचा प्रवास करावा लागला नाही.

सर्वांची चाल मात्र सारखी नव्हती. ब्रिटनमध्ये आधी बर्च आले, त्यामागून पाइन व हेझल, मग एल्म आणि ओक, आणि लिंडन सर्वांत मागून. मार्गारेट डेव्हिस या अमेरिकी संशोधिकेने पूर्व अमेरिकेतील अनेक सरोवरांच्या परागनोंदी एकत्र करून वृक्षांच्या प्रवासाचे नकाशे तयार केले. त्यांत असे आढळले की, आज एकाच रानात शेजारी शेजारी उभे असलेले वृक्ष निरनिराळ्या दिशांनी आणि निरनिराळ्या काळी तेथे पोहोचले आहेत. चेस्टनट वृक्ष कनेक्टिकट राज्यात पोहोचला तो अवघ्या सुमारे २,००० वर्षांपूर्वी, म्हणजे हिमयुग संपून हजारो वर्षे लोटल्यानंतर.

एखाद्या प्रदेशातील वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी, हवा यांच्या परस्परसंबंधांतून जी व्यवस्था तयार होते, तिला परिसंस्था म्हणतात. अरण्य ही एक परिसंस्था आहे. ते एकसंध असते आणि हवामान बदलले की जसेच्या तसे दुसरीकडे सरकते, असे पूर्वी अनेकांना वाटे. परागांच्या नोंदींनी ही समजूत खोडून काढली. अरण्य हे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदणारे कुटुंब नसून, एका धर्मशाळेत काही काळ एकत्र उतरलेले प्रवासी होत. हवामान बदलताच जो तो आपल्या मार्गाने आणि आपल्या गतीने निघाला. त्यामुळे वाटेत विलक्षण सोबती जमले. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात थंडीत वाढणारे स्प्रूस आणि ऊब मागणारे ॲश हे वृक्ष एकाच रानात वाढत होते. असे मिश्रण आज कोठेही आढळत नाही.

कीटकांची चाल वृक्षांपेक्षा पुष्कळच वेगवान होती. बर्मिंगहॅम विद्यापीठातील रसेल कूप यांनी ब्रिटनमधील जुन्या गाळांतून भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांचे व डोक्यांचे अवशेष वेचून काढले. भुंगेऱ्यांच्या अनेक जातींना ठराविक तापमानच मानवते. त्यामुळे गाळात कोणत्या जाती सापडतात, यावरून त्या वेळचे तापमान कळते. सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी ऊब येताच उष्ण प्रदेशांकडील भुंगेरे ब्रिटनमध्ये पोहोचले. त्या वेळी तेथे वृक्ष मात्र जवळजवळ नव्हतेच. हवामान वृक्षांना अनुकूल झाले होते, तरी वृक्ष यायचे होते. कूप यांना आणखी एक आश्चर्य आढळले. हिमयुगात ब्रिटनमध्ये विपुल असलेली शेणकिड्याची एक जात आज केवळ तिबेटच्या उंच पठारावर सापडते. हजारो किलोमीटरांचे हे स्थलांतर होते. एवढ्या काळात त्या कीटकाचे शरीर मात्र बदलले नाही, बदलला तो त्याचा मुक्काम.

या साऱ्या उदाहरणांतून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. हवामान वेगाने बदलते, तेव्हा नवे गुणधर्म अंगी बाणवण्यास बहुतेक सजीवांना सवड मिळत नाही. तगून राहण्याचा त्यांचा मुख्य उपाय म्हणजे जागा बदलणे. आणि जागा बदलण्यासाठी दोन गोष्टी लागतात : पुरेसा वेळ आणि मोकळी वाट.

४. ज्यांना वाट मिळाली नाही

वाट किती महत्त्वाची असते, याचे उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. आयर्लंडमध्ये मूळचे साप नाहीत. संत पॅट्रिक यांनी ते हाकलून लावले, अशी तेथील लोककथा आहे. शास्त्रीय कारण मात्र निराळे आहे. हिमयुगाच्या थंडीत तेथे साप राहणे शक्यच नव्हते. ऊब आल्यावर साप युरोपातून उत्तरेकडे सरकत ब्रिटनपर्यंत पोहोचले. परंतु तोवर वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने समुद्र चढला होता आणि आयर्लंडकडे जाणारी जमीन बुडाली होती. ब्रिटनमध्ये आज सापांच्या तीन मूळ जाती आहेत. आयर्लंडमध्ये एकही नाही. दार बंद होण्यापूर्वी जे पोहोचले ते आत आले, उरलेले बाहेर राहिले.

काही सजीवांना तर कोठेच आसरा मिळाला नाही. हिमयुगात अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात स्प्रूसची एक वेगळी जात विपुल होती. तिच्या शंकूंचे व सूचीसारख्या पानांचे अवशेष अभ्यासून १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नाव दिले. हवामान तापत असतानाच ही जात पृथ्वीवरून कायमची नाहीशी झाली. पूर्वी ज्या प्रदेशात ती सर्वत्र होती, त्या प्रदेशात आज तिचे केवळ अवशेष उरले आहेत. विपुलता ही सुरक्षिततेची हमी नसते, हे यावरून दिसते.

मोठ्या प्राण्यांचा इतिहास अधिक करुण आहे. उत्तर अमेरिकेतून मॅमथ, तेथील घोडे आणि उंट हे सारे हिमयुगाच्या अखेरीस नाहीसे झाले. बदलते हवामान आणि माणसाकडून होणारी शिकार ही दोन्ही कारणे यामागे सांगितली जातात. हे प्राणी गेल्याचा परिणाम अरण्यांवरही झाला. त्यांच्या विष्ठेवर वाढणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू सरोवरांच्या गाळात सापडतात. इंडियाना राज्यातील एका सरोवरात सुमारे १४,८०० ते १३,७०० वर्षांपूर्वीच्या काळात हे बीजाणू घटत गेलेले दिसतात. तृणभक्षी प्राणी विरळ झाले होते, हा त्याचा अर्थ. त्यानंतरच्या थरांत स्प्रूस आणि ॲश यांचे ते विलक्षण मिश्रण दिसते आणि कोळशाचे कणही वाढलेले दिसतात. कोवळी झाडे व पाला खाणारे कोणी उरले नाही, त्यामुळे रानाची रचना बदलली आणि वणवे वाढले. परिसंस्थेतील एक धागा तुटला, की त्याचा ताण दूरवर कसा जातो, याचे हे उदाहरण आहे.

सर्व मॅमथ मात्र एकाच वेळी संपले नाहीत. सायबेरिया आणि अलास्का यांना जोडणारी सपाट भूमी समुद्राखाली जाऊ लागली, तेव्हा तिच्यावरील उंचवटे बेटे बनले. त्यांपैकी सेंट पॉल या बेटावर मॅमथचा एक कळप अडकून पडला. मुख्य भूमीवरील मॅमथ नाहीसे झाल्यावरही हे मॅमथ हजारो वर्षे जगले. परंतु समुद्र चढत राहिला आणि बेट लहान लहान होत गेले. बेटावर वाहती नदी नव्हती, गोड्या पाण्यासाठी केवळ एक-दोन सरोवरे होती. तीही उथळ होत गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी पिण्याच्या पाण्याअभावी हा कळप संपला. तेथे त्यांची शिकार करण्यास माणूस पोहोचलेला नव्हता. चहूकडे समुद्राचे पाणी आणि पिण्यास घोट नाही, अशी ही अवस्था होती. रँगेल या आणखी उत्तरेकडील बेटावरील मॅमथ सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत टिकले. म्हणजे ईजिप्तमध्ये गिझाचे भव्य पिरॅमिड उभे राहिले, तेव्हा जगात मॅमथ अजून होते.

५. भारतात काय घडले

भारताच्या सपाट प्रदेशांवर हिमचादर नव्हती. तरीही हिमयुगाचा परिणाम येथे झालाच. थंड काळात मोसमी पाऊस दुर्बळ होता, हवा अधिक कोरडी होती. पुढे पृथ्वी तापली, तसा मोसमी पाऊस बळावला.

नीलगिरी पर्वतातील दलदलींत या बदलाची नोंद सापडली. उष्ण व कोरड्या हवेत तग धरणारी गवते आणि दमट हवा मानवणाऱ्या वनस्पती यांच्यातील कार्बनचे स्वरूप किंचित भिन्न असते. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दलदलींतील थरांच्या कार्बनची तपासणी करून १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिमयुगाच्या ऐन काळात तेथे कोरड्या हवेतील गवतांचे प्राबल्य होते. हिमयुग सरल्यावर दमट हवेतील वनस्पती परतल्या. राजस्थानातील सरोवरेही हेच सांगतात. लुणकरणसरसारख्या सरोवरांच्या गाळातील परागांचा अभ्यास गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकात प्रसिद्ध केला. आज जेथे मिठाचा पांढरा थर दिसतो, तेथे हिमयुगानंतरच्या पावसाळी काळात पाणी साठत होते. ५ ते ६ हजार वर्षांपूर्वी लुणकरणसरचे पाणी आटले.

महाराष्ट्रातही एक वेधक पुरावा आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांपासून घडवलेले मणी सापडले आहेत. ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे आहेत. मोकळ्या गवताळ प्रदेशात वावरणारा हा पक्षी त्या काळी आपल्या देशात होता. आज भारताच्या रानांत एकही शहामृग नाही.

उत्तराखंडचा राज्यवृक्ष असलेला बुरांस हिमालयात लाल फुलांनी बहरतो. त्याचाच एक सगोत्र वृक्ष दूर दक्षिणेत नीलगिरीच्या माथ्यावर वाढतो. मधल्या उष्ण सपाट प्रदेशात तो कोठेही नाही. थंड काळात असे वृक्ष खालच्या टेकड्यांवरही पसरले असावेत आणि ऊब येताच ते उंच माथ्यांवर चढून तेथेच अडकले असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. डोंगराचा माथा हेही एक प्रकारचे बेटच आहे. हवा आणखी तापली, तर तेथून वर जाण्यास जागा उरत नाही.

६. आजचा प्रश्न

जगातील ५९४ ठिकाणांच्या परागनोंदी व वनस्पतींचे अवशेष एकत्र अभ्यासून २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने निष्कर्ष मांडले. हिमयुगानंतरच्या तापमानवाढीने पृथ्वीच्या बहुतेक भागांतील वनस्पतिसृष्टीचे रूप मोठ्या प्रमाणात पालटले होते. आज माणसाच्या हातून होणारी तापमानवाढ रोखली नाही, तर पुढील १०० ते १५० वर्षांत तशीच मोठी उलथापालथ होण्याचा धोका आहे, असा इशारा त्यांनी दिला.

हिमयुगानंतर ५ ते ७ अंशांची वाढ होण्यास सुमारे दहा हजार वर्षे लागली. ग्रीनलंडसारख्या भागांत बदल अचानक झाले, परंतु संपूर्ण पृथ्वीचा विचार केला तर आजच्या तापमानवाढीचा वेग त्या काळातील सरासरी वेगाच्या सुमारे दहापट आहे. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. २०२४ मध्ये हे प्रमाण ४२० च्या पुढे गेले होते. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंशाने अधिक होते. शिवाय ही वाढ थंड पृथ्वीवर होत नसून आधीच उबदार असलेल्या पृथ्वीवर होत आहे.

वेगाइतकाच वाटेचा प्रश्न गंभीर आहे. तेव्हा ओकच्या वाटेत शहर नव्हते. भुंगेऱ्याच्या वाटेत महामार्ग नव्हता. आज रानांचे लहान लहान तुकडे उरले आहेत आणि त्यांच्यामध्ये शेते, वस्त्या, लोहमार्ग, धरणे व खाणी पसरल्या आहेत. समुद्राने वेढलेल्या सेंट पॉल बेटासारखीच या तुकड्यांची स्थिती आहे. त्यांतील सजीवांना हवामान प्रतिकूल झाले, तर ते निघणार कोठून आणि जाणार कोठे?

म्हणूनच केवळ एखाद्या रानाला कुंपण घालून ते जसेच्या तसे जपणे पुरेसे नाही. एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याच्या वाटाही जपाव्या लागतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात राष्ट्रीय महामार्ग काही ठिकाणी उंच खांबांवर उभारला आहे, त्याखालून वन्य प्राण्यांची ये-जा चालते. नदीकाठची झाडी, बांधावरची झुडपे, देवराया आणि गावाची गायराने याही अशाच वाटा होत. या वाटा राखणे हे प्रत्येक गावाच्या आवाक्यातील काम आहे. मात्र वाटा राखून अर्धेच काम होते. तापमानवाढीचा वेग कमी करून सजीवांना वेळ मिळवून देणे हे उरलेले अर्धे काम आहे, आणि ते साऱ्या जगाने मिळून करावयाचे आहे.

हिमयुग सरले तेव्हा सृष्टी नष्ट झाली नाही, हे खरे आहे. परंतु ती पूर्वीसारखीही राहिली नाही. काहींना वेळ मिळाला, काहींना वाट मिळाली, आणि ज्यांना दोन्ही मिळाले नाही ते गेले. तेव्हाचा बदल कोणी घडवून आणलेला नव्हता. आजचा बदल माणसाने घडवलेला आहे. म्हणून या वेळी वेळ आणि वाट देणे बऱ्याच अंशी माणसाच्याच हाती आहे.

शब्दार्थ

हिमचादर – विस्तीर्ण भूभागावर पसरलेला बर्फाचा जाड थर
बेगमी – पुढील गरजेसाठी केलेला साठा
सूचिपर्णी – सुईसारखी पाने असलेले
बीजाणू – बुरशीसारख्या सजीवांचे, ज्यांपासून नवे सजीव वाढतात असे सूक्ष्म कण
प्राबल्य – अधिक प्रमाण, वरचढपणा
सगोत्र – एकाच कुळातील

स्वाध्याय

१. जुन्या सरोवरांच्या गाळातील परागकणांवरून कोणती माहिती मिळते? का?
२. ‘अरण्य हे एका धर्मशाळेत काही काळ एकत्र उतरलेले प्रवासी होत,’ या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. ओकच्या प्रसाराचे कोडे कोणते होते? ते कसे उलगडले?
४. सेंट पॉल बेटावरील मॅमथ आणि आजच्या रानांचे तुकडे यांत कोणते साम्य आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावात किंवा शहरात पूर्वी दिसणारी, परंतु आता न दिसणारी झाडे, पक्षी किंवा प्राणी यांविषयी घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारा आणि मिळालेली माहिती दहा ते बारा ओळींत लिहा.